आधी पडताळणी, मग वसुली : वाढीव वीजबिलांबाबत घरगुती ग्राहकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. अधीक्षक अभियंता,
वीज वितरण कंपनी, मंडल कार्यालय

प्रत माहितीसाठी : मा. सचिव, महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग, मुंबई

विषय : अचानक वाढून आलेल्या घरगुती वीजबिलांची पडताळणी, दुरुस्ती आणि तोवर वीजपुरवठा चालू ठेवण्याबाबत

महोदय,

आमच्या संघाच्या कार्यालयात लोक जी बिले घेऊन येतात त्यांचा नमुना आता आमच्या ओळखीचा झाला आहे. वर्षभर सातशे-आठशेच्या आसपास असणारे बिल एका महिन्यात सात-आठ हजारांवर जाते. घरात एसी आलेला नसतो, गिझर बसवलेला नसतो, माणसे तेवढीच असतात. ग्राहक बिल हातात घेऊन शाखा कार्यालयात जातो. तिथे त्याला सांगतात, "आधी भरा, मग अर्ज करा, बघू." एवढे पैसे नाहीत म्हटले तर हप्ते पाडून देण्याची तयारी दाखवली जाते आणि ती सवलत म्हणून सांगितली जाते. पण जी रक्कम ग्राहक देणे लागतो की नाही हेच ठरलेले नाही, तिचे हप्ते पाडून घेणे म्हणजे ती त्याच्याकडून कबूल करून घेणेच आहे. पहिला हप्ता भरला की पुढच्या टेबलावर त्याला ऐकवले जाते, "तुम्ही तर भरायला सुरुवात केलीत, मग तक्रार कसली?"

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. वादातील बिलाची पडताळणी आधी व्हावी, वसुली नंतर. आणि बिल बरोबर आहे हे दाखवून देण्याची जबाबदारी कंपनीची असावी. मीटर कंपनीच्या सीलखाली आहे. रीडिंग घेणारा माणूस कंपनीने नेमलेल्या एजन्सीचा आहे. बिल काढणारी संगणक प्रणाली कंपनीची, चाचणी प्रयोगशाळाही कंपनीची. ग्राहकाच्या हाती येतो तो फक्त छापील कागद. ज्याच्याकडे सगळा पुरावा आहे त्याने तो मांडायचा, की ज्याच्याकडे काहीच नाही त्याने मीटर चुकीचा आहे हे सिद्ध करायचे, याचे उत्तर आम्हाला हवे आहे. आमच्या बहुतेक मागण्या नव्या नाहीत. विद्युत कायदा, २००३ मध्ये, केंद्राच्या वीज (ग्राहकांचे हक्क) नियम, २०२० मध्ये आणि आयोगाच्या २०२१ च्या वीजपुरवठा संहितेत त्या लिहिलेल्या आहेत. शाखा कार्यालयाच्या खिडकीपर्यंत त्या पोचलेल्या नाहीत, एवढेच.

प्रत्येक मोठे बिल चुकीचे असते असे आम्ही म्हणत नाही

हे आधीच स्पष्ट केलेले बरे. आमच्याकडे आलेली काही बिले तपासल्यावर बरोबर निघाली आहेत आणि ती भरा असे आम्हीच सभासदांना सांगितले आहे. दोन हजार वॅटचा गिझर रोज तासभर चालला तर महिन्याला साठ युनिट होतात. जुन्या वायरिंगमध्ये गळती असेल तर दिवे-पंखे बंद असूनही मीटर फिरतो. शिवाय आपल्याकडचे दर टप्प्याटप्प्याने चढतात, आणि हा चढ किती तीव्र आहे याची बहुतेकांना कल्पना नसते. राज्याच्या मोठ्या भागात २०२४-२५ मध्ये लागू असलेले घरगुती दर उदाहरणादाखल घेतो : पहिल्या १०० युनिटना ४.७१ रुपये, १०१ ते ३०० ला १०.२९, ३०१ ते ५०० ला १४.५५ आणि ५०० च्या पुढे १६.६४ रुपये प्रतियुनिट, त्यावर १.१७ रुपये वहन आकार, सिंगल फेजला १२८ रुपये स्थिर आकार आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार सोडून हिशेब केला तर १०० युनिटचे बिल सुमारे ८३० रुपये येते आणि २०० युनिटचे सुमारे २,१६० रुपये. वापर दुप्पट, बिल अडीचपटीहून जास्त. एप्रिल-मेच्या उकाड्यात असे होते, आणि त्यात कुणाची लबाडी नसते.

पण याच चढत्या दरांमुळे रीडिंगमधली साधी चूकही ग्राहकाला फार महागात पडते. तिथूनच आमच्या मागण्या सुरू होतात.

रीडिंग

वाढीव बिलांच्या तक्रारींत मीटर बिघडल्याच्या तक्रारींपेक्षा रीडिंग वेळेवर आणि खरे न घेतल्याच्या तक्रारी अधिक आहेत, असा आमचा अनुभव आहे. रीडर दारापर्यंत येत नाही. बिलावर 'आरएनए' म्हणजे रीडिंग उपलब्ध नाही, 'लॉक' किंवा 'इनॲक्सेस' असा शेरा पडतो आणि सरासरीने बिल निघते. घर उघडे होते, मीटर जिन्याखालच्या पॅनेलमध्ये सगळ्यांच्या नजरेसमोर होता, तरी शेरा 'लॉक'. याहून वाईट प्रकार म्हणजे शेरा 'नॉर्मल' असतो, पण आकडा अंदाजाने टाकलेला असतो. मीटर ९५ युनिट पुढे गेलेला असताना ४० टाकले जातात. ग्राहकाला बिल कमी आल्याचे समाधान वाटते आणि उरलेले ५५ युनिट मीटरमध्ये साठत जातात.

असे दहा महिने चालले असे समजू. अकराव्या महिन्यात नवा रीडर येतो आणि खरा आकडा टिपतो. त्या महिन्याचे ९५ आणि साठलेले ५५०, असे ६४५ युनिट एका महिन्याच्या वापराचे म्हणून बिलावर येतात. वर दिलेल्या दराने फक्त वीज आकारच होतो ७,८५१ रुपये ८० पैसे. प्रत्यक्षात या घराने कोणत्याही महिन्यात १०० युनिटची मर्यादा ओलांडलेली नव्हती. म्हणजे सगळे ६४५ युनिट पहिल्या टप्प्याचे, आणि त्यांचा वीज आकार ३,०३७ रुपये ९५ पैसे. फरक ४,८१३ रुपये ८५ पैसे, वीज शुल्क धरून सुमारे ५,५८४ रुपये. वापरलेली वीज तेवढीच. मीटरही बरोबर. तरी केवळ रीडिंग वेळेवर घेतले नाही म्हणून एका कुटुंबावर साडेपाच हजारांचा बोजा पडतो, आणि 'मीटर ओके' असा चाचणी अहवाल हातात ठेवून त्याची तक्रार निकाली काढली जाते. मीटर ओके असणारच होता. तक्रार मीटरची नव्हतीच.

म्हणून आमची पहिली मागणी : साठलेले युनिट एकाच वेळी बिलात आले असतील तर ते ज्या महिन्यांत साठले त्या सर्व महिन्यांत विभागून प्रत्येक महिन्याला टप्प्याचा लाभ द्यावा. शेरा 'आरएनए' असताना प्रणाली ही विभागणी करते असे आम्हाला सांगण्यात येते. मग शेरा 'नॉर्मल' आणि आकडा खोटा असतानाही ती झाली पाहिजे. हे ओळखणे अवघड नाही. एखाद्या घराचा वापर आधीच्या बारा महिन्यांच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त दिसला की ते बिल छापण्यापूर्वी थांबवावे, उपविभागाच्या अभियंत्याने फोटो आणि मागील आकडे पाहावेत, गरज पडल्यास मीटरमधला डेटा उतरवून घ्यावा. इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये मागील महिन्यांचे आकडे राहतात. मीटरमधून उतरवलेला एमआरआय (मीटर रीडिंग इन्स्ट्रुमेंट) अहवाल कोणत्या महिन्यात किती वापर झाला ते दाखवू शकतो. तो अहवाल तक्रारदाराला न मागता आणि विनाशुल्क मिळाला पाहिजे.

बिलावरचा मीटरचा फोटो ही चांगली सोय होती. आता कित्येक बिलांवर तो काळा असतो, किंवा भिंतीचा, किंवा शेजारच्या मीटरचा. आमच्या एका सभासदाचे घर दोन महिने बंद होते; त्यांना बिल आले तेव्हा फोटोतला मीटर क्रमांक त्यांचा नव्हता, तरी त्यांनाच अर्ज, आठवण-अर्ज आणि फेऱ्या कराव्या लागल्या. ज्या बिलावर मीटर क्रमांक आणि आकडा वाचता येईल असा फोटो नाही ते बिल अंदाजे समजले जावे. अंदाजे बिलांवर मर्यादाही आहे : केंद्राच्या २०२० च्या नियमांप्रमाणे एका आर्थिक वर्षात अशी दोनपेक्षा जास्त बिले देता येत नाहीत. नैसर्गिक आपत्तीसारखी अपवादात्मक स्थिती सोडली, तर दोन फेऱ्यांनंतरही खरे रीडिंग घेतले नाही तर ते घेऊन बिल मिळेपर्यंत रक्कम न भरण्याची मुभा ग्राहकाला आहे. हा नियम प्रत्येक शाखा कार्यालयात मराठीत लावावा. ग्राहकाने स्वतः मीटरचा तारीखवार फोटो पाठवला तर तो स्वीकारण्याची तरतूदही याच नियमांत आहे. ॲपवरून पाठवलेले रीडिंग 'वैध नाही' म्हणून परत येते तेव्हा कारण काय, हे कळवले जात नाही. ते कळवावे.

रीडिंग एजन्सीने चुकीचे आकडे टाकल्याचे निष्पन्न झाल्यास तिला दंड होत असेल, पण तो आम्हाला कधी दिसत नाही. आमच्या मंडलातील अशा प्रकरणांची आणि कारवाईची माहिती दर तिमाहीला जाहीर करावी.

मीटर आणि दुसरा मीटर

किराणा दुकानात वजनाबद्दल शंका आली तर चांगला दुकानदार दुसऱ्या काट्यावर तोलून दाखवतो आणि वाद तिथेच मिटतो. वीजमीटरच्या बाबतीत हेच करण्याचा नियम आता झाला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने ग्राहक हक्क नियमांत सुधारणा केली : मीटरचे रीडिंग प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही अशी तक्रार आल्यास वितरण कंपनीने पाच दिवसांच्या आत पडताळणीसाठी अतिरिक्त मीटर बसवावा आणि तो किमान तीन महिने ठेवून वापर ताडून पाहावा. आमच्या सभासदांपैकी कुणालाही हा मीटर आपणहून देऊ केला गेलेला नाही. मागितल्यावर "स्टॉकमध्ये नाही", "तसे परिपत्रक आलेले नाही" अशी उत्तरे मिळाली.

आमची दुसरी मागणी अशी की वाढीव बिलाची तक्रार नोंदवताना 'अतिरिक्त मीटर हवा' असा रकाना अर्जातच असावा, प्रत्येक उपविभागात या कामासाठी राखीव मीटर ठेवावेत आणि बसवल्याची तारीख व सुरुवातीचा आकडा ग्राहकाच्या सहीने नोंदवावा. तीन महिन्यांची आकडेमोड दोघांनी समोरासमोर करावी.

त्याआधीही, पहिल्या भेटीत, वायरमनला पंधरा मिनिटांत बरेच काही पाहता येते. मुख्य स्विच बंद करून मीटरवरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबतो का, हे पाहावे. थांबला नाही तर मीटर आणि मुख्य स्विच यांच्यामध्ये कुणी जोड घेतला आहे का, किंवा मीटरच सदोष आहे का, ते तपासावे. मुख्य स्विच चालू, पण सगळी उपकरणे बंद असताना दिवा लुकलुकत असेल तर घरातल्या वायरिंगमध्ये गळती असू शकते. तसे असेल तर ग्राहकाला स्पष्ट सांगावे, म्हणजे तो दुरुस्ती करून घेईल. एक हजार वॅटचे उपकरण तासभर चालवले की एक युनिट पडले पाहिजे. मीटरवर ३२०० इम्पल्स लिहिले असेल तर दिवा ३२०० वेळा लुकलुकला पाहिजे. ॲक्युचेक या मीटर-चाचणी यंत्राने केलेल्या तपासणीचाही आकडा ग्राहकासमोर लिहावा. हे सगळे स्थळ तपासणी अहवालात यावे आणि त्याची प्रत लगेच मिळावी. आज अहवाल कार्यालयात जातो आणि ग्राहकाला त्यातला मजकूर महिन्याभराने कुणाच्या तरी तोंडून कळतो.

नव्या इमारतींत मीटरची अदलाबदल सर्रास आढळते. बिल्डरच्या इलेक्ट्रिशियनने सात नंबरच्या घराची वायर नऊ नंबरच्या मीटरला जोडलेली असते आणि दोन कुटुंबे वर्षानुवर्षे एकमेकांची बिले भरत राहतात. पॅनेलवर घर क्रमांक ठळक रंगवणे आणि नवीन जोडणीच्या वेळी प्रत्येक घराचा स्विच बंद करून मीटर ताडून पाहणे, एवढ्याने हे थांबते.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २००६ च्या मीटरविषयक विनियमांप्रमाणे ग्राहकांच्या मीटरची किमान पाच वर्षांतून एकदा जागेवर चाचणी व्हायला हवी. आमच्या वसाहतींत दहा-बारा वर्षांपूर्वीचे मीटर आहेत आणि तपासायला कुणी आल्याचे कुणाला आठवत नाही. शेवटच्या चाचणीची तारीख बिलावर छापावी. पाच वर्षे उलटून गेलेल्या मीटरबद्दल तक्रार आली तर चाचणी शुल्क मागू नये.

मीटर सदोष निघाला तर पुरवठा संहितेनुसार चाचणीच्या निकालाप्रमाणे बिलाचे समायोजन होते, तेही वाद उपस्थित झाला त्या महिन्यापूर्वीच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांसाठी. मीटर मंद चालत होता म्हणून ग्राहकाकडून दोन-दोन वर्षांची वसुली काढणाऱ्यांनी ही मर्यादा पुन्हा वाचावी. उलट, मीटर जलद चालत असल्याचे डेटावरून स्पष्ट दिसत असेल तर परताव्याच्या वेळी तीन महिन्यांवर बोट ठेवून हात वर करू नयेत. मीटर सांभाळण्याची जबाबदारी ज्याची, त्याच्या हयगयीचा फायदा त्यालाच मिळणे आम्हाला मान्य नाही. आयोगाने या मुद्द्यावर स्पष्टीकरण द्यावे अशी विनंती आम्ही या पत्राच्या प्रतीद्वारे करीत आहोत.

वाद चालू असताना वीज तोडू नये

आमच्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, कारण ग्राहकाचे सगळे हक्क इथे येऊन संपतात. वीज तोडण्याची भीती समोर असली की कोणीही माणूस पैसे भरतो. घरात तान्हे मूल असते, ऑक्सिजनवरचा रुग्ण असतो, दहावी-बारावीचा अभ्यास असतो. भरलेली रक्कम म्हणजे बिल मान्य असे धरले जाते, आणि उसनवारी करून भरलेले ते पैसे परत मिळवायला पुढची लढाई वेगळी.

विद्युत कायद्याच्या कलम ५६ चे पहिले उपकलम सगळ्यांना ठाऊक आहे, कारण तोडणीच्या नोटिशीवर ते छापलेले असते : पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस देऊन पुरवठा खंडित करता येतो. त्याच उपकलमाचे परंतुक मात्र नोटिशीवर नसते. ते सांगते की ग्राहकाने निषेध नोंदवून एकतर मागितलेली पूर्ण रक्कम, किंवा मागील सहा महिन्यांत भरलेल्या बिलांच्या सरासरीने प्रत्येक महिन्याची रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येणार नाही. म्हणजे ज्या घराचे सहा महिन्यांचे सरासरी बिल ७५० रुपये आहे आणि ज्याला ९,००० रुपयांचे बिल आले आहे, त्याने ७५० रुपये भरले की कायद्याचे संरक्षण मिळते. पुढच्या महिन्यांतही हीच सरासरी.

हे संरक्षण आज कागदावरच आहे. भरणा केंद्रातील खिडकी अंशतः रक्कम घेत नाही. ऑनलाइन भरणा करताना रक्कम बदलता आली तरी 'निषेध नोंदवून' असा पर्याय नसतो. कायद्याचा उतारा दाखवला तर "वरून आदेश आणा" असे सांगतात. म्हणून आम्ही पुढील गोष्टी मागतो आणि यांवर तडजोड करणार नाही. वादातील बिलाची लेखी तक्रार आली की त्याच दिवशी कलम ५६ प्रमाणे येणारी सरासरी रक्कम काढून ग्राहकाला लेखी द्यावी आणि ती 'निषेध नोंदवून भरली' अशा शेऱ्यासह स्वीकारावी. त्या ग्राहक क्रमांकावर संगणकात 'वादाधीन' अशी खूण पडावी, म्हणजे तो तोडणीच्या यादीत येणारच नाही. नोटिशीवर परंतुकाचा पूर्ण मजकूर मराठीत छापावा. आणि वादाधीन खात्यावर विलंब आकार व व्याज चढवू नये. निकाल कंपनीच्या बाजूने लागला तर ते नियमाप्रमाणे लावता येतेच.

कंपनीची अडचण काय सांगितली जाईल हे आम्ही जाणतो. प्रत्येकजण वाद काढील आणि थकबाकी फुगेल, असे म्हटले जाईल. पण सरासरीइतकी रक्कम तर दरमहा येतच राहते. अडकून राहतो तो फक्त वादातला भाग, आणि तो किती दिवस अडकेल हे कंपनीच्याच हातात आहे. तक्रार पंधरा दिवसांत सोडवली तर पंधरा दिवसच.

जुन्या बिलांबद्दलही एक गोष्ट नोंदवतो. कलम ५६ च्या दुसऱ्या उपकलमाप्रमाणे एखादी रक्कम प्रथम देय झाल्यापासून दोन वर्षांत ती थकबाकी म्हणून सतत दाखवली गेली नसेल, तर नंतर ती वसूल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये अजमेरच्या वितरण कंपनीच्या प्रकरणात असा अर्थ लावला की कंपनीची चूक उशिरा लक्षात आल्यास पुरवणी मागणी काढता येईल, पण तिच्यासाठी वीज तोडण्याचा मार्ग वापरता येणार नाही. काही वर्षांपूर्वीचा फरक 'समायोजित रक्कम' या एका ओळीत टाकून त्यावर तोडणीची नोटीस काढण्याची पद्धत या निकालानंतर बंद व्हायला हवी होती. ती त्वरित बंद करावी, आणि या ओळीत रक्कम असेल तर ती कोणत्या महिन्याची व कशाची, याचा तपशील बिलासोबत द्यावा.

दुरुस्ती मंजूर झाल्यावर

चूक मान्य होते आणि तरी बिल दुरुस्त होत नाही, ही दुसरी यातना. "बी-८० (बिल दुरुस्तीचा प्रस्ताव) करून वर पाठवले आहे, मंजुरी यायची आहे." रक्कम मोठी असली की मंजुरी शाखेतून उपविभागात, तिथून विभागात आणि मंडलात जाते. या काळात दर महिन्याला जुनी थकबाकी व्याजासह नव्या बिलावर छापून येते आणि ग्राहक दर महिन्याला हाताने खाडाखोड केलेले बिल घेऊन रांगेत उभा राहतो. दुरुस्तीच्या प्रत्येक प्रस्तावाला क्रमांक द्यावा, तो कुठे आहे हे ग्राहकाला मोबाइलवर दिसावे आणि मंजुरीच्या प्रत्येक पायरीला दिवसांची मुदत ठरवावी. कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे कृतीची मानके पाळली नाहीत तर भरपाई देणे बंधनकारक आहे. ती अर्ज न मागवता बिलात जमा व्हावी.

एका चुकीच्या बिलाची सावली वर्षभर राहते. सुरक्षा ठेव ही मासिक सरासरी बिलाच्या दुपटीने ठरते. वर दिलेल्या उदाहरणातले ५,५८४ रुपये सरासरीत शिरले की ठेवीत सुमारे ९३० रुपयांची भर पडते आणि त्याचे वेगळे बिल उन्हाळ्यात हातात येते. दुरुस्त झालेले किंवा वादाधीन बिल ठेवीच्या हिशेबातून वगळावे.

जून २०२० मध्ये सगळ्या राज्याने जे अनुभवले ते विसरता कामा नये. टाळेबंदीत २३ मार्चपासून रीडिंग थांबले, हिवाळ्यातल्या कमी वापराच्या सरासरीने बिले गेली, १ एप्रिलपासून दर बदलले, माणसे भर उन्हाळ्यात घरात कोंडलेली होती आणि मग तीन महिन्यांचा फरक एकदम अंगावर आला. त्यातली किती बिले बरोबर होती हा प्रश्न बाजूला ठेवू. पण कोणत्या महिन्याला किती युनिट धरले, कोणता दर लावला आणि आधी भरलेले पैसे कुठे वजा केले, हे लोकांना बिलावरून उमगले नाही. संतापाचे मोठे कारण ते होते. एकाहून अधिक महिन्यांचे बिल देताना महिन्यागणिक तक्ता दिलाच पाहिजे, ही आमची मागणी त्या अनुभवातून आली आहे.

स्मार्ट मीटर

जून २०२४ मध्ये सर्वसामान्य घरगुती ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही असे राज्य सरकारने जाहीर केले. त्यानंतर पोस्टपेड स्वरूपात नवे मीटर बसवले जात आहेत. नव्या तंत्राला आमचा आंधळा विरोध नाही. रीडर न येण्याचा प्रश्न त्याने सुटू शकतो. पण मीटर बदलताना जुन्या मीटरचा शेवटचा आकडा घरी कुणी नसताना टिपला जातो, जुना मीटर लगेच नेला जातो आणि पहिल्याच बिलाबद्दल वाद झाला तर ताडून पाहायला काही उरत नाही. जुन्या मीटरच्या शेवटच्या आकड्याचा फोटो व मीटर बदल अहवाल ग्राहकाच्या सहीने व्हावा, आणि नव्या मीटरची तीन बिले निर्वेध जाईपर्यंत जुना मीटर उपविभागात जपून ठेवावा. ग्राहक हक्क नियमांतील २०२३ च्या सुधारणेप्रमाणे स्मार्ट मीटरचे रीडिंग दिवसातून किमान एकदा दुरून घेऊन ती माहिती ग्राहकाला उपलब्ध करून द्यायची आहे. रोजचा वापर दिसला तर वाढ नेमकी कोणत्या दिवशी झाली हे दोघांनाही कळेल.

दाद कुठे मागायची

कलम ४२ प्रमाणे ग्राहक तक्रार निवारण मंच आहे आणि त्यावर विद्युत लोकपाल, ज्यांची कार्यालये मुंबईत आणि नागपुरात आहेत. कारण घडल्यापासून दोन वर्षांत मंचाकडे जाता येते आणि मंचाच्या आदेशाविरुद्ध साठ दिवसांत लोकपालांकडे. वकील लावावा लागत नाही. आमच्याकडे येणाऱ्या ग्राहकांपैकी बहुतेकांना हे माहीत नसते. बिलाच्या मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांऐवजी दर्शनी बाजूला मंचाचा पत्ता यावा आणि शाखेने तक्रार फेटाळली तर त्या उत्तरातच 'आपण मंचाकडे जाऊ शकता' हे वाक्य असावे.

आमच्या बाजूने आम्ही काय करू तेही लिहून देतो. सभासद कलम ५६ प्रमाणे येणारी रक्कम वेळेवर भरतील. मीटरपर्यंत जाण्याची वाट मोकळी ठेवतील. वायरमन आणि खिडकीवरचे कर्मचारी यांच्याशी अरेरावी करणाऱ्याची बाजू संघ घेणार नाही. चुकीच्या बिलाचा राग खांबावर चढणाऱ्या माणसावर निघणे आम्हाला अजिबात मान्य नाही, कारण ते बिल त्याने काढलेले नसते. तपासणीत बिल बरोबर ठरले तर उर्वरित रक्कम हप्त्याने भरून घेण्याची हमी संघ घेईल.

या पत्राच्या तारखेपासून तीस दिवसांत आपल्या दालनात चाचणी विभाग, बिलिंग विभाग आणि संघाचे प्रतिनिधी यांची संयुक्त बैठक घ्यावी व तिचे इतिवृत्त लेखी द्यावे. कलम ५६ च्या परंतुकाची अंमलबजावणी आणि अतिरिक्त मीटर या दोन बाबींसाठी बैठकीचीही गरज नाही; त्यांचे आदेश आपल्या अधिकारात तत्काळ निघू शकतात आणि ते निघावेत. मुदतीत काही न झाल्यास सोबत जोडलेली प्रत्येक तक्रार स्वतंत्र अर्ज करून मंचापुढे दाखल होईल. त्या अर्जांवर ग्राहकांच्या सह्या झालेल्या आहेत.

आपले,
अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी सदस्य
घरगुती वीजग्राहक रहिवासी संघ

सोबत : वादातील बिलांच्या प्रती, मीटरचे तारखेसह फोटो, पूर्वी दिलेल्या अर्जांच्या पोचपावत्या